नगण्य गळती

"गळती किती असेल?" डॉ. सरपोतदारांनी विचारलं.

"नगण्य," केतकी म्हणाली.

बैठकीतल्या सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. कोणीतरी चहा मागवला आणि विषय पुढे सरकला.

केतकी मोहरीर नाशिकच्या एका स्मृतिचिकित्सा केंद्रात वायुयंत्रणेची प्रमुख होती, आणि त्या दुपारी प्रश्न होता कॉम्प्रेसरचा. केंद्राचा सगळा उपचार झेनॉन नावाच्या वायूवर उभा होता. एखादी गोष्ट आपण आठवतो तेव्हा ती आठवण मेंदूत काही वेळ कच्ची होते आणि मग पुन्हा पक्की होऊन बसते. तिच्याबरोबर तिची भीती, तिचं दुःख, तिची टोचणी हेही नव्याने पक्कं होतं. नेमक्या त्या वेळी माणसाच्या श्वासात झेनॉन असेल तर प्रसंग तेवढा शिल्लक राहतो, त्याची धग ओसरते. रुग्ण मास्क लावून आपली गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा. काही आठवड्यांनी तीच गोष्ट तो शेजाऱ्याची असावी तशी सांगू शकायचा. जळत्या बसमधून एकटीच वाचलेली एक बाई इथल्या उपचारानंतर पुन्हा चुलीपुढे बसू लागली होती.

अडचण वायूची होती. हवेच्या एक कोटी भागांत झेनॉन जेमतेम एक भाग. म्हणून रुग्णाच्या उच्छ्वासातून तो परत गोळा करायचा, शुद्ध करायचा आणि दाबून सिलिंडरमध्ये भरायचा. या शेवटच्या कामासाठी कॉम्प्रेसर हवा होता, आणि कॉम्प्रेसर दोन जातींचे मिळत होते. एकात वायू आणि यंत्राचं तेल यांच्यामध्ये पातळ पोलादी पडदे असतात. पडदा लवतो, वायू दाबला जातो, बाहेर काही जात नाही की आत काही मिसळत नाही. दुसऱ्यात साधा दट्ट्या. दट्ट्याचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे कड्यांचं पॅकिंग असतं. ते झिजतं आणि त्यातून थोडा वायू झिरपतो. केतकीची शिफारस पडद्याच्या यंत्राची होती. ते मागवलं तर यायला पुढचा पावसाळा उजाडणार होता. दट्ट्याचं यंत्र दिवाळीच्या आत मिळत होतं.

"केतकीला सगळं आदर्श लागतं," डॉ. सरपोतदार हसत म्हणाले होते. "बाहेर माणसं खोळंबली आहेत त्यांना आपण काय सांगायचं? पडदा येतोय म्हणून?"

सगळे हसले. डॉ. सरपोतदार केंद्राचे संचालक, शिवाय केतकीचे एके काळचे शिक्षक. त्यांच्यासमोर आपण हटवादी ठरतोय हे तिला सहन झालं नाही. झिरपलेला वायू नळीने पुन्हा यंत्राच्या तोंडाशी नेता येतो, असं ती म्हणाली. त्यासाठी एक झडप लागेल, ती नंतर बसवू. मग तो गळतीचा प्रश्न आला आणि तिचं उत्तर.

दिवाळीच्या सुमारास यंत्र तळघरात बसलं. झडप आली नाही. दोनदा चुकीची आली, मग विचारणं मागे पडलं. तोवर नळीचं तोंड तळघरातच मोकळं सोडलं होतं. झेनॉन विषारी नाही, पेटत नाही, कशाशी सहजी संयोग पावत नाही. दाराशी माणसाच्या उंचीवर ऑक्सिजन मोजणारा अलार्म होता, तो कधी वाजला नाही. काळजीचं कारण नव्हतं.

यंत्र चालवायला विलास डुंबरे होते. मूळचे जुन्नरकडचे, पन्नाशीचे, आधी एका औषध कारखान्यात कॉम्प्रेसरवरच काम केलेले. रुजू झाले तेव्हा त्यांची बायको सुवर्णा जाऊन दोन-अडीच महिने झाले होते. डेंग्यूचा ताप त्यांनी साधा समजून अंगावर काढू दिला, एवढं केतकीला इतरांकडून कळलं होतं. डुंबरे स्वतः त्याबद्दल बोलत नसत. जेवायला ते कँटीनमध्ये येत नसत. एकदा काही विचारायला ती तळघरात गेली तर ते यंत्राच्या जोत्याच्या पायरीवर, जवळजवळ जमिनीवरच बसलेले होते. डबा उघडा होता. हात घासाशी थांबलेला, आणि डोळ्यांतून पाणी चाललेलं. यंत्राच्या आवाजात त्यांना तिची चाहूल लागली नाही. ती आल्या पावली मागे फिरली. तिथे त्यांना कोणी पाहत नाही, एवढा तरी आडोसा त्यांना असू दे, असं तिला वाटलं.

हिवाळा गेला. उन्हाळ्यात डुंबऱ्यांमध्ये फरक दिसू लागला. आधी ते नुसता भात आणत, आता डब्यात पोळी दिसू लागली. कोणाच्या तरी वाढदिवसाला त्यांनी नक्कल करून सगळ्यांना हसवलं. "काम माणसाला सावरतं," असं केतकी नवऱ्याजवळ म्हणाली, आणि त्यात आपलाही हात आहे असं तिला मनातून वाटलं. त्यांना तिनेच निवडलं होतं.

झेनॉन मात्र हिशेबापेक्षा जास्त लागत होता. रुग्णांच्या शरीरात, चरबीत तो काही काळ मुरून राहतो, हे पुस्तकातलं उत्तर तिच्याकडे तयार होतं. ते तिने स्वतःला दिलं आणि स्वतःचं समाधानही करून घेतलं.

भाद्रपद संपता संपता तेजल तिला भेटायला आली. डुंबऱ्यांची एकुलती मुलगी, पुण्याला शेतकी महाविद्यालयात शिकणारी. वडिलांना न कळवता आली होती. खुर्चीच्या कडेवर बसली आणि पाण्याचा ग्लास तिने नुसता हातात धरून ठेवला.

"मॅडम, एक विचारायचं होतं. बाबांना तुम्ही ते औषध दिलंय का? तो वायू?"

"नाही गं. रुग्णांशिवाय कोणालाच देत नाहीत. का?"

"परवा आईचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं झाल्यावर कोणीतरी विचारलं, नेमकं काय झालं होतं म्हणून. बाबांनी सांगितलं. सगळं. मी हॉस्टेलवरून फोन करत होते, रक्त तपासून घ्या म्हणत होते, आणि ते म्हणत होते, साधा ताप आहे, तू परीक्षा दे. आई दवाखान्यात विचारत होती, गच्चीवर गहू वाळत घातलेत ते आत घेतले का, आणि ते घेतले म्हणाले, घेतले नव्हते. आई गेल्यावर आम्ही घरी आलो तेव्हा त्या गव्हाला मोड आले होते. हे सगळं त्यांनी लाडू खात सांगितलं, मॅडम. मध्येच थांबून, लाडू चांगले झालेत म्हणाले."

केतकीने समोरची फाईल मिटली.

"गेल्या वर्षी ते हे उच्चारू शकत नव्हते. गव्हाची पिशवी दिसली तरी घराबाहेर जायचे. मला वाटायचं त्यांनी यातून बाहेर यावं. पण असं नाही. आत्या म्हणते, पुरुषांचं असंच असतं, वर्षभरात विसरतात. पण ते विसरले नाहीत. त्यांना सगळं आठवतंय, माझ्यापेक्षा जास्त. फक्त... मी त्यांच्याशी बोलणं सोडलंय. घरात आईसाठी रडणारी मी एकटीच उरलेय, असं वाटतं."

"त्यांना वायू दिलेला नाही," केतकी पुन्हा म्हणाली, आणि हे म्हणता म्हणताच तिला तळघरातली ती पायरी दिसली.

तेजल गेल्यावर ती हातात धरायचं वायू मोजण्याचं यंत्र घेऊन खाली उतरली. डुंबरे वर रुग्णकक्षात नळ्या बदलायला गेले होते. दाराशी अलार्मजवळ तिने मोजलं. हवा अगदी चोख. मग ती वाकली. कमरेच्या खाली आकडा हलू लागला. पायरीपाशी, बसलेल्या माणसाचं नाक जिथे येईल तिथे, हवेत झेनॉन होता. उपचारातल्यापेक्षा बराच कमी, पण उपचार तासाभराचा असे; डुंबरे तिथे जवळजवळ वर्षभर, रोजच्या रोज, आणि तेही आठवत बसले होते. झेनॉन हवेच्या चौपटीहून जड असतो, हे केतकीला शाळेपासून माहीत होतं. पंखा वरच्या बाजूला, अलार्म डोक्याच्या उंचीवर, आणि वायू पाण्यासारखा खाली साचलेला. एका माणसाने लपून रडायला निवडलेल्या जागी.

ती पायरीवर बसली. किती वायू आहे याची पुन्हा खात्री करायची, असं तिने स्वतःला सांगितलं. यंत्र संथ लयीत ठोके देत होतं. तिला ती बैठक आठवली, डॉ. सरपोतदारांचं हसू, स्वतःचा तो एक शब्द. आठवताच कानशिलं तापली. पुन्हा आठवली, तेव्हा जरा कमी तापली. असं होणारच होतं, कोणाहीकडून झालं असतं, असा एक विचार मऊ पावलांनी आला. काही क्षण तिला फार बरं वाटलं. मग हे बरं वाटणं कुठून येतंय ते तिच्या लक्षात आलं.

तरी ती लगेच उठली नाही. पुढे जेव्हा जेव्हा हे सगळं तिच्या मनात येई, तेव्हा तिला सगळ्यात जास्त लाज याचीच वाटे. कळल्यानंतरही ती थोडा वेळ तिथे बसून राहिली होती.

अखेर तिने उठून यंत्र बंद केलं आणि दार सताड उघडं टाकलं.

डॉ. सरपोतदारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "नळीचं तोंड आजच इमारतीबाहेर काढा," ते म्हणाले. "पडद्याचं यंत्र मागवा. चूक झाली, मान्य. पण डुंबऱ्यांना कशाला सांगायचं?"

"सर, त्यांच्या परवानगीशिवाय..."

"माणूस सुखात आहे, केतकी. जे मिळावं म्हणून लोक आपल्या दारात रांग लावतात, ते त्यांना मिळालंय. सांगून त्यांना काय देणार आहात तुम्ही? आणि ही बातमी बाहेर गेली तर देखरेख समिती उपचार थांबवेल. मग त्या रांगेतल्यांचं काय?"

त्यांच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. ती घरी गेली. तो आठवडाभर तिने कोणाला काही सांगितलं नाही. नळी बाहेर काढली, यंत्र पुन्हा चालू झालं. डुंबरे समोर आले की ती मान खाली घालून मोबाईल बघे. एकदा त्यांनी तिच्यासाठी गावाकडची सीताफळं आणली. "मॅडम, तुमची तब्येत उतरलीय," ते म्हणाले. सीताफळं टेबलावर पिकून काळी पडली, पण तिच्याने ती खाववेनात. शेवटी तिने समितीला स्वतःच कळवलं आणि त्याच दुपारी डुंबऱ्यांना आवारातल्या कडुनिंबाखाली बाकावर बोलावलं.

तिने काही लपवलं नाही. दोन यंत्रं, बैठक, न बसवलेली झडप, जड वायू, पायरी. डुंबरे मांडीवर हात ठेवून ऐकत होते. मध्ये त्यांनी एकदाच विचारलं, "म्हणजे पॅकिंगमधनं?"

"हो. ते यंत्र मी निवडलं. आणि गळती नगण्य आहे असं मीच सांगितलं होतं."

ते समोरच्या कुंपणाकडे बघू लागले.

"तुम्हाला राग आला तरी..." केतकी म्हणू लागली.

"राग येत नाही मॅडम. तेच बघतोय. यायला पायजे, नाही का?" त्यांनी आपल्या छातीकडे असं पाहिलं जणू खिशातली वस्तू सापडत नाहीये. "मी तिथं बसून तिच्याशी बोलायचो. रोज. म्हणायचो, माझं चुकलं. आधी नुसता जीव घुसमटायचा. मग हळूहळू कमी व्हायला लागलं. एक दिवस बोललो आणि काहीच दुखलं नाही. मला वाटलं, सुवर्णानं मला माफ केलं."

केतकीला वर बघवेना.

"म्हणजे तिनं नव्हतं केलं," डुंबरे म्हणाले. "यंत्रानं केलं."

"डुंबरे, ते परत आणता येत नाही. मी सगळ्यांना विचारलं. उलट फिरवण्याचा उपाय अजून कोणाकडे नाही."

"तेजलला हे ठाऊक आहे?"

"नाही. तिला संशय होता, म्हणून ती मला भेटायला आली होती."

"ती माझ्याशी बोलत नाही. मला वाटलं, पोरगी मोठी झाली, तिचं तिला काहीतरी असेल." ते उठले. "मी सांगितलं तर तिला वाटेल बाप सबब सांगतोय. तुम्ही या घरी. तुमच्या तोंडानं सांगा."

समितीने उपचार थांबवला. पडद्याचं यंत्र येऊन नवी तपासणी होईपर्यंत केंद्र बंद राहणार होतं. वाट पाहणाऱ्या घरांना कळवण्याचं काम केतकीने स्वतःकडे मागून घेतलं. एका आईने फोनवर एवढंच विचारलं, "माझ्या मुलानं तोवर काय करायचं?" डॉ. सरपोतदार तिच्याशी कामापुरतंच बोलू लागले. तिची प्रमुखपदाची जागा काढून घेतली गेली. त्याचं तिला वाईट वाटलं नाही. उलट, शिक्षा फारच सोपी झाली असं वाटलं.

तेजल सुट्टीत घरी आल्याचं कळल्यावर ती रविवारी सकाळी सिडकोतल्या डुंबऱ्यांच्या घरी गेली. दोन खोल्या, भिंतीला सुवर्णाचा फोटो, त्याला ताजा हार. दार तेजलने उघडलं आणि काही न बोलता बाजूला झाली. डुंबऱ्यांनी चहा केला होता.

केतकीने जे कडुनिंबाखाली सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. दुसऱ्या वेळी ते सोपं जाईल असं तिला वाटलं होतं. गेलं नाही. तेजलचा चेहरा शेवटपर्यंत हलला नाही.

"म्हणजे बाबा कोडगे झाले नव्हते," ती म्हणाली.

"नाही."

"आणि मी दोन महिने त्यांच्याशी बोलले नाही." तिने वडिलांकडे पाहिलं. "श्राद्धाच्या दिवशी मी आत्याजवळ काय काय बोलले तुमच्याबद्दल. तुम्ही ऐकलंत ना? स्वयंपाकघरातून?"

"ऐकलं," डुंबरे म्हणाले. "खरं सांगू का, त्याचंही फार काही वाटलं नाही मला."

तेजलने तोंडावर हात धरला. केतकीला आता तिथे थांबण्याचा अधिकार नव्हता. तिने पर्स उचलली आणि ती उठली.

"बसा मॅडम," तेजल म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुम्हाला जाता येतं. त्यांना येत नाही, मला येत नाही. बसा."

केतकी बसली.

"बाबा, तुम्हाला सगळं आठवतं ना? मग मला कसं आठवतं ते ऐका."

आणि ती सांगू लागली. पहाटेच्या एसटीने ती कशी आली, दवाखान्याच्या जिन्यात तिला चप्पल कशी सापडेना, आईचे हात किती थंड होते आणि आई कशी सारखी म्हणत होती की पंखा बंद करा, पंखा तर बंदच होता. मध्ये मध्ये तिचा आवाज फाटत होता. ती रडत होती पण थांबत नव्हती. डुंबरे तिच्याकडे पाहत होते. ही गोष्ट त्यांना पाठ होती. तिची ही बाजू मात्र त्यांनी कधी ऐकली नव्हती, कारण गेल्या वर्षी दोघांतलं कोणीच ती बोलू शकलं नव्हतं.

केतकीला कान झाकून घ्यावेसे वाटले. तिने हात मांडीवर तसेच ठेवले.

"तेव्हा मी कुठं होतो?" डुंबऱ्यांनी विचारलं.

"दारात. आत या म्हटलं तरी येत नव्हतात. आईनं तुम्हाला दोनदा हाक मारली."

"दोनदा?"

"हो."

"मला एकदाच मारलेली आठवते."

"दोनदा मारली, बाबा."

डुंबरे उठून तेजलच्या शेजारी, खाली सतरंजीवर येऊन बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पण मुलीच्या पाठीवर ठेवलेला हात कापत होता, आणि तो का कापतोय हे त्यांना स्वतःलाच नीट कळत नसल्यासारखे ते त्याच्याकडे पाहत होते. उघड्या खिडकीतून वारा आत येत होता.

"पहिल्यापासून सांग," ते म्हणाले. "ताप आला त्या दिवसापासून. मी पण सांगतो, तुला ठाऊक नसलेलं."

तेजलने ओढणीने चेहरा पुसला. केतकीचा चहा निवून गेला होता. तो बाजूला सारून ती उठली नाही, ऐकायला बसून राहिली.

"सोमवारी आईचा फोन आला," तेजल म्हणाली, "की अंग मोडून आलंय..."